मुशी, पाकट आणि माझी दोन मुले

मी, खाली सही करणारा, मत्स्यदालनात पाट्या लिहिणारा, पूर्ण शुद्धीत व कोणाच्या दडपणाशिवाय, मात्र बऱ्याच गोंधळात, हे लिहून ठेवतो. गोंधळ कायद्याला चालतो, असे वकीलबाईंनी सांगितले आहे.

१. राहते घर व बँकेतली ठेव माझ्या मुलांना समान. 'मुले' या शब्दाखाली वकीलबाईंनी रेघ मारून व्याख्या मागितली. संस्कृत शिकलेल्याकडे व्याख्या मागू नये. तो लवकर आटपत नाही.

२. थोरली माझ्या दिवंगत पत्नीची, तिच्या पहिल्या लग्नाची. धाकटे चिरंजीव आम्हा दोघांचे. चिरंजीवांचे म्हणणे, "बाबा, ताई चांगलीच आहे, पण ती आपल्यात मोडत नाही."

३. कोण कशात मोडते हे लिहिण्यात माझी नोकरी चालली आहे, तरी खात्री नाही. मुशी, म्हणजे लहान शार्क, आणि चपटे, लांब शेपटीचे पाकट हे उपास्थिमीन: सांगाडा हाडांचा नव्हे, कानाच्या पाळीसारख्या कूर्चेचा. मुशीच्या कल्ल्यांच्या फटी बाजूला, पाकटाच्या पोटाकडे. इथवर ठीक. मग सशाच्या दातांचा एक मासा आला. सांगाडा कूर्चेचा, पण कल्ल्यांवर झाकण, हाडांच्या माशांसारखे. त्याची पाटी मी भिंतभर फिरवली. त्यात दालनप्रमुख म्हणाले की वंशावळीत बांगडा मुशीपेक्षा आपल्याला जवळचा. म्हणजे मुशीला माशांत ठेवायचे तर न्यायाने मलाही ठेवावे लागते. दारावरची 'मासे' ही पाटी मात्र कोणी उतरवली नाही. मुशीला बाहेर काढायची कोणाची तयारी नव्हती.

४. म्हणून, या घराची किल्ली ज्यांनी कधी न विचारता उचलली, ती दोघे म्हणजे माझी मुले. आक्षेप असल्यास चिरंजीवांनी आधी दालनातल्या पाट्या बरोबर लावून दाखवाव्यात.

५. कुंचले व रंग थोरलीला. चिरंजीवांचे अक्षर सर्वांना ठाऊक आहे.

साक्षीदार पहिला: दालनाचा पहारेकरी. (सही)

साक्षीदार दुसरा: येथे एक अक्षर खोडलेले आहे, त्याचा खुलासा. ते थोरलीचे. मजकूर न वाचताच ती सहीला बसली. यात आपण असू असे तिच्या मनातही नव्हते. वकीलबाई म्हणाल्या, "तुमची सही चालायची नाही. तुम्ही वारस आहात." ती पेन धरून तशीच बसून राहिली. शेवटी चिरंजीव उठले. "बस तू, ताई. मी खालच्या शिंप्याला घेऊन येतो."

खालचा शिंपी. (सही)

स्थळ: आमचे स्वयंपाकघर. १७ नोव्हेंबर.
लिहून ठेवणार: दोघांचा बाप. (सही)