गुरुवारचं कुंकू

२ ऑक्टोबर, दसरा

आली एकदाची! काळी, लांबलचक, नुकत्याच धुतलेल्या म्हशीसारखी तुकतुकीत. टिळकवाडीतल्या आमच्या फाटकातून आत घेताना सगळी गल्ली दिग्दर्शन करत होती. आमच्या ह्यांनी तिच्याभोवती पाच चकरा मारल्या. मला बघायला आले तेव्हा मान वर करून एकदा पाहिलं होतं, तेही चहाचा कप घेताना.

सासूबाईंनी — आत्तींनी — साग्रसंगीत पूजा केली. चाकांखाली लिंबं, नारळ, आणि समोरच्या चकचकीत चिन्हावर तेलात कालवलेलं कुंकू, चांगलं जाडजूड. वर काळी बाहुली. "जयवंता, एवढ्या गाडीला दृष्ट लागंल रं!"

गाडी का आली, ते मला माहीत आहे. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं — काचबिंदू. डाव्या बाजूचं दिसणं कमी झालंय, गेलेलं परत येत नाही, गाडी चालवणं सोडा. हे "व्हय व्हय" म्हणाले आणि तिथून सरळ शोरूममध्ये! "ही गाडीच बघते गं. पुढं काय आलं की आपणच ब्रेक मारते." म्हणजे डॉक्टरांनी पथ्य सांगितलं आणि ह्यांनी नवं ताट आणलं.

आत्तींना डोळ्याचं कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातलीय मला. ऐंशीव्या वर्षी कशाला घोर.

४ ऑक्टोबर

गाडी रुसली. स्क्रीनवर पिवळी अक्षरं — समोरचा सेन्सर झाकला गेलाय, आपोआप ब्रेक बंद. हे घाबरून शोरूममध्ये. तिथली रूपाली हसली म्हणे. "सर, ह्या चिन्हाच्या मागंच रडार असतंय. कुंकू, बाहुली काय लावू नका. गाडीला पुढचं दिसत न्हाय मग."

कुंकू पुसलं, बाहुली मागच्या बाजूला गेली. ह्यांनी घरी येऊन आत्तींना सगळं समजावून सांगितलं, पोरांना शिकवावं तसं. आत्ती ऐकून घेत होत्या. "म्हंजे हितं तिचा डोळा हाय म्हण की!"

५ ऑक्टोबर

आत्तींना फिरवून आणलं. गाडीची सीट पाठ दाबून देते! ह्यांनी बटण दाबलं आणि आत्ती ताडकन पुढे. "कोण ढकलतंय गं मागनं?" रेल्वे फाटकापर्यंत जीव मुठीत. परतीच्या वाटेवर मात्र — "वा! जरा कमरेकडं दाब म्हणावं तिला." मी एकतीस वर्षं तेल लावून ही कंबर दाबली. असं 'वा' एकदाही ऐकलं नाही.

जेवताना पुन्हा त्यांचं तेच. "जयवंता चटणी खाईना झालाय. पूर्णिमा, तुझ्या हाताची चव गेली गं." जवसाची चटणी तशीच ताटात राहते खरी. मला राग आला. चव माझी गेली की जीभ ह्यांची?

९ ऑक्टोबर, गुरुवार

गुरुवार म्हणजे निपाणी. तिथल्या कारखान्याच्या वायरिंगचं काम ह्यांच्याकडे आहे. वीस वर्षं ह्यांचा गुरुवार निपाणीचाच; एरवीची कामं गावातच, चालत. मी मुद्दाम बरोबर गेले.

गाडी काय, लोणी! बाहेर ट्रक बोंबलतोय आणि आत आपला श्वास ऐकू येतो. सीटमधून गार वारा. हे म्हणाले, "बघ, हात सोडतो." स्टिअरिंग आपलं आपणच वळायला लागलं! मग गाडीनंच टुणटुण करून दटावलं — हात ठेवा. माझं ऐकत नाहीत, तिचं लगेच ऐकलं. पुढे रुंदीकरणाचं काम. रस्त्यावर पट्टेच नाहीत. तिथे चाक उगीच एका बाजूला ओढायला लागलं, शेजारच्या बांधावर हिरवं दिसलं की बैल ओढतो तसं. हे तिच्याशी भांडले. "अगं सरळ चल की!" हा 'अगं' मला नव्हता.

तवंदी घाटाच्या अलीकडे डावीकडून एक स्कूटर आत आली. गाडी करकचून थांबली. पट्टा छातीत रुतला.

"बघितलंस? ती बघते!" हे खूश.

स्कूटरवर बाई होती, पुढ्यात पोर उभं. ह्यांनी तिला पाहिलंच नव्हतं. भीती वाटते. घरी येऊन रडले, भांडले, शेवटी एवढं कबूल करून घेतलं की ज्या दिवशी गाडीचा डोळा बंद, त्या दिवशी चाकाला हात लावायचा नाही. सोडायला मात्र तयार नाहीत. "गाडी सोडली की मी घरातला म्हातारा झालो."

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी हे इस्त्रीचा शर्ट घालून खाली. चिन्हावर हे एवढं कुंकू!

"आई, किती वेळा सांगितलं —"

"सकाळी देवीला लावलं, हात तसाच तिकडं गेला बघ."

हे फडकं घेऊन धावले. आत्ती आडव्या. "पूजेचं कुंकू त्याच दिवशी पुसतेत व्हय रं? आयुष्यात ऐकलं न्हाय!" ते खरंच. आमच्या घरात लावलेलं कुंकू दुसऱ्या दिवशीच उतरतं. एवढा मोठा कॉन्ट्रॅक्टर फडकं घेऊन पायरीवर बसला. साइटवरचा भरमू दिवसभर मोबाइलवर वायरी दाखवत होता. मला हसू आवरेना. आणि सुटल्यासारखंही वाटलं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

गुरुवार, पण साइट बंद. कुंकूही नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

पुन्हा! ह्यांनी कपाळावर हात मारला. मी म्हटलं, मंगळवार-शुक्रवार देवीचे, मग आत्तींची देवी गुरुवारीच कशी जागी होते? हे म्हणाले, "म्हातारपण. सांगितलेलं ध्यानात राहत न्हाय तिच्या." भरमू येऊन कागद घेऊन गेला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज लवकर उठून खाली गेले. अंगणात आत्ती गाडीपुढे वाकलेल्या. हातात वाटी. चुकून नव्हे — बोटानं कोपरान् कोपरा नीट लिंपत होत्या.

"आत्ती?"

दचकल्या नाहीत. "पोराला डाव्या अंगाचं दिसत न्हाय," म्हणाल्या. "ताटात चटणी डाव्या बाजूला असतीया. त्याचा हात तिकडं जाईना. एकदा मी उजवीकडं सारली, तर मिटक्या मारत खाल्ली. मला सांगितलं न्हाय तुम्ही दोघांनी."

त्यांनी पुन्हा वाटीत बोट बुडवलं.

"गाडीचा डोळा झाकला की पोरगं घरात ऱ्हातंय, हे त्या दिवशी तुमच्या भांडणात ऐकलं. मला बाई दुसरं काय येतंय?"

आणि मी महिनाभर आत्तींना हसतेय! तिथेच पायरीवर बसून रडले. आत्तींनी कुंकवाचाच हात माझ्या पाठीवरून फिरवला. गाऊनवर पाच बोटं उमटली. ह्यांना काही सांगायचं नाही, असं आमचं ठरलं.

१२ नोव्हेंबर

आत्ती भाचीकडे लोंढ्याला गेल्या, बारशाला. निघताना वाटी माझ्या हातात. "उद्या गुरुवार हाय गं."

आईनं लेकाला फसवलं तर ती माया. बायकोनं नवऱ्याला फसवलं तर? ह्यांचा तो 'घरातला म्हातारा' कानातून जात नाही. झोप नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वाटी घेऊन खाली गेले. चिन्हावर कुंकू आधीच होतं. ओलं, वेडंवाकडं, निम्मं बंपरवर.

हे पायरीवर पेपर वाचत बसलेले. उजव्या हाताचं बोट तांबडंलाल.

"पूजेचं कुंकू हाय," म्हणाले. "आज पुसायचं न्हाय. भरमूला बोलवलंय, तो चालवंल." पेपरातून मान वर केली नाही.

मी वाटी देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. जेवायला वाढताना चटणी उजवीकडे वाढली. ह्यांनी ताट पुसून खाल्लं.