दिवस बुडाल्यावरची भूक

आई, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली, की तुझा आवाज आठवायला आता डोळे मिटावे लागतात. तुला झाला होता तोच आजार मला झालाय. केमोसाठी फलटणहून सांगलीला यावं लागतं. दिवसभर अन्नाचा वास सोसत नाही, फोडणी पडली की पोटात ढवळतं, पाणीसुद्धा लोखंडी लागतं. आणि सूर्य बुडाला की मळमळ ओसरून सपाटून भूक लागते. नेमकी तेव्हाच! तुझंही असंच व्हायचं.

अजून डोळ्यांपुढे येतं: माहेरी, माधवनगरच्या स्वयंपाकघरात तू खिडकीकडे तोंड करून बसली आहेस. पुढ्यात मुगाची खिचडी. अण्णा म्हणतात, "आगं, दोन घास तरी खा. दिस बुडाया आलाय." तू घास तोंडापाशी नेतेस आणि परत ठेवतेस. उजेड जातो, तू ताट सरकवतेस. थोड्या वेळानं अंथरुणावरून म्हणतेस, "लय भूक लागली गं." मी चिडते, "मग खा की! आजारपणात चालतंय. मुनी महाराजांना विचारून येऊ." तू हसतेस. "इचारलं तर ते सूट देतील. म्हणून तर इचारत न्हाई." किती हट्टी गं तू! डॉक्टर विचारायचे, जेवण का जात नाही? आम्ही सांगायचो, तोंडाला चव नाही. दिवस मावळल्यावर तू पाणीही घेत नाहीस, हे त्यांना सांगावं असं आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नाही. ती आपली जैन घरची रीत, तिचा औषधाशी काय संबंध? वजन उतरत गेलं, पुढचा डोस लांबला, आणखी लांबला, आणि मग डॉक्टरांनी त्याबद्दल बोलणंच सोडलं.

तू शेवटपर्यंत नियम मोडला नाहीस, याचं आपल्या माणसांना अजून कौतुक आहे. समाधानानं गेली म्हणतात. मला संताप येतो. भुकेनं कूस बदलणारी तू त्यांनी कुठं पाहिलीस? तरी तोच नियम सासरी मीही पाळत आले, कारण संध्याकाळी लवकर ताट वाढताना तू जवळ असल्यासारखं वाटायचं. मागच्या खेपेला डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं आणि माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाले, "वजन असंच उतरलं तर पुढचा डोस देता येणार नाही."

त्या दिवसापासून अंधार पडला की हे स्वतः मऊभात करतात, वर तूप घालतात. पहिल्या दिवशी मी ताटाकडे नुसती बघत बसले, तर म्हणाले, "खा तू. पाप लागायचं ते मला लागंल." मी खाल्ला, आई. सगळा. उलटी झाली नाही. इतका गोड लागला की मला तुझाच राग आला आणि रडू फुटलं. आता रोज खाते. ताट रिकामं झालं की ह्यांचा चेहरा बघवत नाही, इतकी आशा असते त्यावर.

आज सकाळी हे दूध आणायला गेले होते, तेव्हा घरच्या काट्यावर उभी राहिले. वजन आणखी उतरलंय. आल्या आल्या काटा बाहेर काढलेला बघून त्यांनी विचारलं, "किती भरलं?" मी म्हटलं, "थोडं वाढलंय." सोमवारी सांगलीत कळेलच त्यांना. तोवर खरं काय ते फक्त तुला सांगितलंय.