साहेबांच्या पानातली चवळी

हवल्ली, कुवेत
४ जानेवारी

प्रिय जयराम यास शरदअण्णाचा नमस्कार, आणि तुझ्या उजव्या गुडघ्याची माझ्यातर्फे चौकशी. सुचित्रावहिनींचा खोकला थांबला का? सिलेंडरची नळी बदललीस का? (ऑक्टोबरात सांगितले होते. बदलली नसणार.) आम्ही सर्व खुशाल असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पत्र खालच्या मजल्यावरच्या तबस्सुम सिस्टरच्या हाती देत आहे, ती सुट्टीवर मालेगावला निघाली आहे. फोन केला असता, पण इथल्या भिंती पातळ आहेत आणि सूनबाईंचे कान तिखट.

तुला ठाऊकच आहे की गेल्या नव्हे, त्याआधीच्या दिवाळीपासून मला या घरातले स्वयंपाकघर बंद आहे. कारण एवढेच की इथे काचेची शेगडी आहे, तिला ना ज्योत ना आवाज, आणि मी तिच्यावर दूध ठेवून विसरलो. एकदाच. (दोनदा. पण दुसऱ्या वेळी दूध नव्हते, नुसते पातेले होते.) सिन्नरपासून संगमनेरपर्यंत चाळीस वर्षे ज्याने लग्नामुंजीच्या पंगती जेवू घातल्या, त्याला आता चहा हवा असेल तर सुनेला हाक मारावी लागते. रसिका स्वभावाने वाईट नाही. ती हसून म्हणते, "बाबा, तुम्ही बसा ना आता." चौदा महिने मी बसलोच आहे. बाल्कनीच्या दारापाशी, न उघडलेले पार्सल ठेवतात तसा.

तर झाले असे की आपल्या सुमेधचे मोठे साहेब अमेरिकेच्या दक्षिणेकडचे आहेत. त्यांच्याकडे एक जानेवारीला चवळी आणि भात खाल्ला की वर्ष चांगले जाते अशी समजूत आहे. (आपल्याकडे नुसत्या गुळावर भागते.) त्या चवळीत ते डुकराचे मांस घालतात. या देशात ते आणायला बंदी, आणि साहेबांचे मध्यंतरी हृदयाचे ऑपरेशन झाल्यामुळे डॉक्टरांनी सगळेच मांस बंद केलेले. साहेब ऑफिसात हळहळले की आईच्या हातची चवळी आता या जन्मी नाही. सुमेध बोलून गेला की माझे वडील आचारी आहेत, ते बिनमांसाची करतील. घरी येऊन हे सांगितले तेव्हा रसिकाने हातातली पळी खाली ठेवली. पुष्कळ बोलणी झाली. शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे. हे जेवण नीट पार पडलं तर रोज सकाळी दोन तास शेगडी बाबांची." मी तिच्याकडून ते पुन्हा एकदा वदवून घेतले. जयराम, मला साहेबांच्या नशिबाशी काही देणेघेणे नव्हते. मला ते दोन तास हवे होते.

सुमेधने फोनमधून कृती वाचून दाखवली. चवळी रात्रभर भिजवा, मग कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी नावाच्या पाल्याचे दांडे घालून मंद शिजवा. मध्ये मोड आणण्याचे नाव नाही. मी म्हटले, लिहिणारा घाईत असेल. तांदूळ निवडून घ्या असेही कोणी लिहीत नाही, म्हणून काय आपण खड्यांसकट शिजवतो? चवळी भिजवायची आणि मोड आणायचे नाहीत, हे तूच सांग, कोणत्या आचाऱ्याला सुचेल? कोपऱ्यावरच्या बकाल्यातून (इथे वाण्याच्या दुकानाला बकाला म्हणतात) दोन किलो आणली, एकोणतीस तारखेला भिजवली, ओल्या पंच्यात बांधली, आणि इथे थंडी पडल्यामुळे गाठोडे बाथरूमच्या गिझरपाशी टांगले. काय मोड आले म्हणून सांगू. पेराएवढे, पांढरे स्वच्छ. नात नीरजा दात घासायला गेली आणि ओरडत बाहेर आली, "आजोबा, दे हॅव टेल्स." मी म्हटले, बाळ, हे टेल नाही, हा आपला धंदा आहे.

राहिला मांसाचा प्रश्न. सुमेध म्हणाला, त्या मांसाला धुराचा वास असतो, साहेबांना तोच आठवतो. मी म्हटले, एवढेच ना? त्याला धुंगार देऊ. पण काचेच्या शेगडीवर निखारा कुठून येणार? इमारतीचा राखणदार नूरुद्दीन संध्याकाळी ऊद जाळतो, त्याच्याकडून दोन निखारे घेतले. (त्याची हिंदी माझ्याइतकीच मोडकी. मी भाजलो आहे असे वाटून त्याने आधी मलम आणले.) तव्यावर निखारे घेऊन लिफ्टने वर आलो. लिफ्टमधल्या बाई दुसऱ्याच मजल्यावर उतरून गेल्या. चवळीच्या पातेल्यात वाटी ठेवली, वाटीत निखारा, वर चमचाभर तूप, आणि झाकण. वास असा सुटला की मला स्वतःलाच भूक लागली. आणि त्याच क्षणी छतातली घंटा ठणाणा वाजू लागली.

ती एका घराची घंटा नव्हती, जयराम. पाचही मजल्यांची माणसे जिन्याने खाली उतरली. कोणी लेकरू घेऊन, कोणी पासपोर्ट घेऊन. मीही उतरलो, झारा घेऊन. नूरुद्दीन सर्वांना सांगत होता की काही नाही, वरचे बाबूजी साहेबाचे नशीब शिजवत आहेत. अर्धा तास मी त्या गर्दीत उभा होतो. रसिका मात्र घंटा थांबताच पुढे वर गेली होती.

साहेब वेळेवर आले. आठजण टेबलाला बसले. सुमेधने पातेले आणून ठेवले आणि म्हणाला, सगळे बाबांनी केले आहे. साहेबांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग उठून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. सुमेधने सांगितले की ते म्हणताहेत, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच हे खाल्ले. मी हात जोडले. मग माझ्या पानाकडे नजर गेली. चवळीला काळा डोळा होता, अंग मऊसूत होते. मोड एकालाही नव्हता.

मी रसिकाकडे पाहिले. ती पाणी वाढत होती.

नंतर मी भांडी घासायच्या निमित्ताने आत गेलो. कचऱ्याच्या पिशवीत माझी दोन किलो चवळी, आणि तिच्यावर उकडलेल्या चवळीचे सहा रिकामे पत्र्याचे डबे. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, त्यांच्याकडे कोंब फुटला म्हणजे माल नासला असं समजतात. आणि वर ती राख पडलेली. पाहुणे दारात, मी काय करणार होते?" मी पिशवीची गाठ मारली. बोलायला तोंड कुठे होते? त्या तोंडाने नुकतीच वाहवा घेतली होती.

दोन तास मला मिळाले. रोज सकाळी आठ ते दहा शेगडी माझी. मी तिच्यासमोर उभा राहतो आणि बोट लावत नाही. सुमेधला वाटते, मी देवाचे म्हणतो. जे माझ्या हातचे नव्हते त्याच्या बक्षिसावर चहासुद्धा उकळत नाही, रे. (चहा रसिकाच देते. तोही तिला हाक मारूनच.)

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शरदअण्णा

ता. क. खरे काम लिहायचे राहिलेच. सुमेधला एक पत्र धाड, की फाल्गुनात तीन लग्ने अंगावर आहेत आणि अण्णांशिवाय उरकणार नाहीत. लग्ने नसली तरी धाड. मी कढईपाशी येणार नाही, कोपऱ्यात बसून भाजी निवडीन. पण जिथे माझा पदार्थ निदान माझ्यासमोर फेकतील, अशा ठिकाणी मला यायचे आहे.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवले होते, ते उघडून लिहितो. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेली चवळी मी फ्रिजपाशी उभ्यानेच खाल्ली. दोन वाट्या. ती चांगली होती, जयराम. त्या पदार्थात दाणा फुटायला हवा, रस्सा दाट व्हायला हवा, भाताने तो प्यायला हवा. मोडाने ते झालेच नसते. डबे नुसते उघडले नव्हते, रसिकाने त्यात आपल्या हाताची चव उतरवली होती. हे मी घरात कोणाला सांगितलेले नाही. शुक्रवारी साहेब पुन्हा येत आहेत, आणि रसिकाने मला कांदा चिरायला बोलावले आहे. तू माझ्याकडे पहिली तीन वर्षे नुसता कांदाच चिरत होतास. तेव्हा मी तुला जे जे बोललो ते सगळे आज सकाळपासून आठवते आहे. सुमेधला लिहायचे ते पत्र शुक्रवारनंतर धाड.