डेल्बर्टचं पंचेचाळीस

३ फेब्रुवारी

रिव्हॉल्वर टेबलावर होतं! पावाच्या शेजारी, लोण्याच्या बशीला टेकून. मार्लिस असती तर तिने नवऱ्याला त्याच्या या पंचेचाळीस बोअरच्या रिव्हॉल्वरसकट अंगणात काढलं असतं. पण माझी बहीण नोव्हेंबरात गेली. आता त्या टेबलावर डेल्बर्ट एकटाच जेवतो. जेवतो कसला, चिवडतो.

"हे इथे कशाला?" "साफ करत होतो." तेल नाही, चिंधी नाही! इतकी वर्षं ते खोगिराच्या पिशवीत असायचं, डोंगरात अस्वल आडवं आलं तर म्हणून. आता घोडेसुद्धा विकले त्याने. मग आत्ताच बाहेर का काढलं? मला एकच कारण दिसतं, आणि ते लिहायला हात धजत नाही.

म्हणून मी बोलून टाकलं — मला विकतोस का?

४ फेब्रुवारी

झोप नाही. काल त्याने विचारलं, तुला कशाला गं? मी म्हणाले, कचऱ्याच्या डब्याला अस्वल लागलंय. फेब्रुवारीत! वायोमिंगमधलं शेंबडं पोरही सांगेल की अस्वलं आत्ता गुहेत झोपलेली असतात. बोलून झाल्यावर जीभ चावली. पण डेल्बर्ट हसला नाही, की मला खुळी म्हणाला नाही. नुसता बघत राहिला. म्हणजे त्याचं डोकं ठिकाणावर नाही. ते रिव्हॉल्वर त्या घरात राहता कामा नये.

६ फेब्रुवारी

गेले होते. सातशे डॉलर देते म्हणाले. "मूठ चिरलीय. दुरुस्त करून मग बघू." "तशीच दे." "चिरलेला माल मी विकत नाही."

वर शिकवणी! "जुन्या घडणीचं आहे ते. दर वेळी मागचा घोडा अंगठ्याने ओढायचा. गोळ्यांची सहा घरं, पण भरायच्या पाचच. घोडा रिकाम्या घरावर ठेवायचा, नाहीतर हातातून पडलं तरी गोळी उडते. आणि तू तर मागच्या आठवड्यात माझा कप फोडलास." म्हटलं, दोन्ही हातांनी धरेन! एरवी हसला असता. रिव्हॉल्वर काही दाखवलं नाही.

९ फेब्रुवारी

फोन केला. "मूठ दुरुस्तीला लँडर गावी पाठवलीय." मूठ गेली — बाकीचं घरातच ना!

१२ फेब्रुवारी

एल्क हरणाच्या मांसाचा रस्सा करून नेला. "तू खा आधी." मी जेवून आलेय म्हणाले. खोटं. मी चार घास खाईपर्यंत समोर बसून राहिला. मला मागच्या खोलीत डोकवायचं होतं, तर माझ्या पाठोपाठ आला. "काय शोधतेयस?" "टॉवेल." मग दारात उभा राहून विचारतो, "नेड्रा, झोप लागते का तुला?" मला विचारतोय! चोराच्या उलट्या बोंबा.

घरी येऊन मार्लिसचा अर्धा राहिलेला स्वेटर विणायला घेतला. उसवला. परत घेतला. परत उसवला. बाहेर वारा नुसता पिसाळलाय.

१५ फेब्रुवारी

हजार डॉलर देते म्हणाले. त्याचा चेहरा पांढरा पडला. "एवढी घाई कसली तुला?"

घाई! रोज सकाळी त्याच्या धुराड्यातून धूर निघालेला दिसेपर्यंत माझ्या घशाखाली कॉफी उतरत नाही. हे त्याला कसं सांगू? चिडले, दार आपटून आले. मूर्ख म्हातारा! आणि मी त्याहून मूर्ख.

१८ फेब्रुवारी

आज सरळ चोरी करायला गेले. तो गोठ्यात होता. माझ्याकडे त्याच्या घराची किल्ली असतेच. कपाटं उपसली, बूट झटकले, पिठाचा डबाही पालथा केला. मागून आवाज आला, "ते घरात नाहीये."

चार तारखेलाच विकलं म्हणे! लँडरच्या एका माणसाला, सहाशेला.

"मला हजाराला नाही, आणि त्याला सहाशेला?"

"तू लाख दिलेस तरी दिलं नसतं. फेब्रुवारीतलं अस्वल, नेड्रा! मी काय दूधखुळा आहे? बहीण गेली, एकटी राहतेस, अंगावर मांस उरलं नाही, आणि बंदूक मागतेस. मला वाटलं, तू स्वतःलाच..." विकलंय असं सांगितलं असतं तर मी दुसरीकडे शोधलं असतं, म्हणून इतके दिवस झुलवत ठेवलं म्हणे!

"अरे, मी तुझ्यासाठी मागत होते! तुझ्या घरातून जावं म्हणून!"

तो खाली पिठातच बसला. मग म्हणाला, "तू आलीस तेव्हा ते विकायलाच काढलं होतं. मला ते जवळ नको झालं होतं. भीती वाटायची." एवढं बोलून रडला. मीही. मग दोघं हसलो. मी म्हणाले, "आणि मला रे काय धाड भरलीय?" पीठ झाडून काढलं. त्याने अंडी तळली.

१९ फेब्रुवारी

धाड भरलीय. टेबलावर ते दिसलं तेव्हा आधी मनात आलं ते डेल्बर्टचं मरण नव्हतं, माझं होतं.

त्याला फोन लावलाय. वाजतोय.