फुंकरीला आवाज नसतो

४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन आपटलास त्याचा राग नाही. फोनवर तू रडतेस, मी भाषण देते, आणि मागे दुकानात बाबांचं काच कापणं चालू असतं, त्यामुळे कुणालाच धड काही कळत नाही. म्हणून पत्र. यात तुला मला मध्येच तोडता येणार नाही, हा माझा फायदा.

तर तुझ्या गोटीला मी शाळेत पाठवणं बंद केलं आहे. तुला आणि भाऊजींना न विचारता केलं, हेही खरं. पण आधी ऐक.

मागच्या आठवड्यात ती जिन्यावरून पडली. गुडघा फुटला, फार नाही. पण पडताना तिनं हात पुढे केले नाहीत. हात फ्रॉकच्या खिशात होते. मग माझ्या लक्षात आलं की हल्ली ते सतत खिशातच असतात. जेवतानासुद्धा डावा हात आत. खूप विचारल्यावर तिनं सांगितलं. तिच्या वर्गात एक खेळ आहे. ती ज्या वस्तूला हात लावेल तिच्यावर इतरांनी फुंकर मारायची. तिनं बाक धरला की बाकावर, तिची पट्टी कुणाकडे गेली की पट्टीवर, तिचा धक्का लागला तर स्वतःच्या बाहीवर. मग हसायचं. चिमटा नाही, शिवी नाही, मारामारी नाही. कुणी सुरू केलं विचारलं, तर म्हणाली, सगळेच.

मी मुख्याध्यापिकांकडे गेले. त्या म्हणाल्या की फुंकर मारू नये असा शाळेचा नियम नाही, मग शिक्षा कशाची करू? आणि मुलांचे खेळ आपोआप विरतात. वर्गशिक्षिका बाजूला बसून पेनाचं टोपण उघडत होती, लावत होती. मी पदवीला बालमनाबद्दल जे जे वाचलं ते सगळं सांगितलं. मुख्याध्यापिकांनी शांतपणे विचारलं, मी किती वर्षं शिकवते आहे. मी एक दिवसही शिकवलेलं नाही, ताई. त्या रागात मी म्हणून बसले की उद्यापासून आमच्या मुलीला मीच शिकवेन.

बाबांचं म्हणणं, दोन ठेवून द्यायच्या होत्या. कुणाला, विचारलं, तर म्हणाले, जी समोर असेल तिला.

वरच्या खोलीतल्या कपाटाच्या दाराला काळा रंग दिला आहे. तोच फळा. रागाव, पण पत्रातून रागाव. लोभ आहे तेवढा पुढेही चालू दे.

तुझी,
धाकटी

---

१३ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं, मग कापड बेतताना एक बाही उलटी कापली. मुकादम म्हणाला, बाई, आज कुठे आहात? मी म्हटलं, इथेच आहे, तीच तर अडचण आहे.

पदवी मिळाल्यापासून तू मला सगळं समजावून सांगतेस, अगदी माझी मुलगीसुद्धा. असू दे. तिचे खिसे तुला दिसले. मी तिथे असते तर मला आधी दिसले असते का, हे मी रोज स्वतःला विचारते आणि उत्तर टाळते. तुझे भाऊजी म्हणतात, तिला इकडे आणू. कुठे आणू? आमच्या खोलीत दोघांना एका वेळी कूस बदलता येत नाही.

घरी बसवलंस ते बरं केलंस की वाईट, मला ठरवता येत नाही. सकाळी वाटतं, बरं झालं. संध्याकाळी वाटतं, ती पोरं तिथेच बसली आहेत आणि आमचीच घरी आली. पण तिला शिकवायचंच असेल, तर हेही शिकव. तिला माझा निरोप वाचून दाखव, आईनं सांगितलंय म्हणून सांग. कुणी फुंकर मारली तर तूही मार. जोरात मार. गप्प बसणाऱ्याला जग जास्त छळतं, हे मी इथे रोज बघते.

तिच्यासाठी बूट घेतले आहेत. मापाचा अंदाज आहे, चुकला असेल तर मला कळवू नकोस, वाईट वाटेल. बाबांना नमस्कार, तुला आशीर्वाद, आणि माया जशी आहे तशी राहू दे.

ताई

---

२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बूट मोठे आहेत. कळवू नको म्हणालीस, पण मला खोटं लिहिता येत नाही. पुढच्या वर्षी येतील.

निरोप वाचून दाखवला. तिनं ऐकला आणि भूमितीची पेटी आवरत बसली.

आमची शाळा मात्र झकास चालली आहे! अपूर्णांक आम्ही काचेच्या तुकड्यांवर शिकलो. बाबांनी कडा घासून दिल्या, वर प्रत्येक तुकड्यामागे कुरकुर केली. गोटीचे हात खिशातून बाहेर आले आहेत. काल ती जिना उतरताना चक्क गात होती.

आणि आता खरी बातमी. मुख्याध्यापिका स्वतः आपल्याकडे आल्या. दुकानातल्या उभ्या काचांमधून अंग चोरत वर आल्या, चहा घेतला, फळा पाहिला, माझं कौतुक केलं. सोबत शाळेसमोरची झेरॉक्सवाली होती, आणि तिची मुलगी, गोटीच्याच वर्गातली. तिला घरी माऊ म्हणतात. गोटी गेल्यापासून तोच खेळ आता माऊवर चालतो. मुख्याध्यापिकांचं मत पडलं की अशा हळव्या मुलांना माझ्यासारखी व्यक्तीच हवी, शाळेला ते जमत नाही. ताई, मला फार बरं वाटलं. माऊलाही शिकवायला मी लगेच हो म्हटलं. बी. ए. झाल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या दारात आलं होतं.

बाबांनी त्या गेल्यावर विचारलं, आपण शाळा आहोत की शाळेची अडगळीची खोली? मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ते म्हणाले, दुकानात शांतता आहे, चालू दे.

पण एक शंका आहे, ती तुलाच लिहिते. माऊ आली तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता का?

लोभ कमी करू नकोस, मला सध्या तो लागतो.

तुझी,
धाकटी

---

१९ सप्टेंबर

प्रिय आईस,
सा. न.

मावशी म्हणाली आईला पत्र लिही, शुद्धलेखनाचा सराव होतो. ती हे वाचणार नाही, तिनं कबूल केलंय.

बूट छान आहेत. पुढे कापूस घातला की बसतात. आजोबांनी मला हिरकणीनं काच कापू दिली. रेघ सरळ आली पण काच वाकडी तुटली. आजोबा म्हणाले काच ऐकत नाही, मावशीसारखी आहे.

माऊ आता माझ्याबरोबर नसते. मी तिच्या पट्टीवर फुंकर मारली. मग तिच्या स्टुलावर पण. जोरात. तू सांगितलं होतंस तशी. पण तिनं मला आधी मारली नव्हती. म्हणजे शाळेत मारायची, सगळ्यांबरोबर. इथे नाही मारली. ती रडली. मावशी म्हणाली की खेळ असेल, मनावर घेऊ नये. मग मावशीनं माऊची वेळ बदलली. तिनं दुपारी यायचं, मी खाली दुकानात असते तेव्हा. मला मावशी ओरडली नाही.

माऊ दुपारी दोनदा आली. आता येतच नाही.

तू कधी येणार ते लिही. बाबांना पापा.

तुझी,
गोटी

---

२७ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

गोटीचं पत्र आलं. तुझं त्यानंतर आलं नाही. एरवी चार-चार पानं लिहिणारी तू, म्हणून समजले.

तिनं माऊवर फुंकर मारली. निरोप माझा होता, तेव्हा तुला जाब विचारायला मला तोंड नाही. मी मनात त्या सगळ्या वर्गाला धरून बोलले होते. तिच्यासमोर एकच मुलगी आली, तीही रडणारी. आता कापड बेतताना माझे हात थांबतात. माझ्या मुलीला त्रास झाला तेव्हा मला काय करावं कळत नव्हतं, आणि तिनं त्रास दिला तेव्हाही कळत नाही. निदान पहिल्या वेळी राग तरी कुणावर काढावा हे ठाऊक होतं.

पण एक विचारते. मोठी बहीण म्हणून नाही, गोंधळलेली बाई म्हणून. फुंकर मारली गोटीनं. मग वेळ माऊची का बदललीस?

माया आहे. उत्तर पाठव.

ताई

---

६ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र शाळेच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे. कसं ते सांगते.

तुझा प्रश्न वाचून मी आधी उत्तर तयार केलं. माऊ लांबून येते, दुपारी उजेड बरा असतो, वगैरे. चांगली दीड पानं झाली. मग वाचून पाहिलं आणि मुख्याध्यापिकांचं बोलणं ऐकल्यासारखं वाटलं. फाडलं. ताई, जी रडत होती तिला हलवणं सोपं होतं, एवढंच.

मग गोटीला विचारलं, तू असं का केलंस? ती बुटातला कापूस नीट करत होती. म्हणाली, तू काय करतेस ते बघत होते. हे खरं की वेळ मारून नेली, मला अजून कळलेलं नाही. पण मी काय केलं ते तिनं पाहिलं, एवढं नक्की.

रविवारी तिला घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेले. माऊ कागदांच्या गठ्ठ्यांमागे बसली होती, तिनं वर पाहिलं नाही. मी सांगितलं की गोटीनं केलं ते वाईट, आणि मी त्याला खेळ म्हटलं ते जास्त वाईट. गोटी पण काहीतरी पुटपुटली. माऊची आई कागद सरळ करत म्हणाली की ती लेकीला सोमवारपासून शाळेतच पाठवणार आहे, तिथली छळणारी पोरं निदान ओळखीची तरी आहेत.

म्हणून सोमवारी मीही शाळेत गेले. वर्गात बसू द्या म्हटलं, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, बाहेरच्या माणसाला वर्गात बसायची परवानगी नाही. मी विचारलं, व्हरांड्याबद्दल काही नियम आहे का? नव्हता. शिपायानं स्टूल आणून दिलं, आणि वर बोलला की इथे बसणाऱ्यांना सहसा शिक्षा झालेली असते.

गोटीला मी चल म्हटलं नव्हतं. ती आपणच दप्तर घेऊन जिन्यात उभी राहिली. मावशी दाराबाहेर बसणार असेल तरच, आणि उद्याचं उद्या बघू, असं मला बजावलं. आज तिसरा दिवस. दोघी आत आहेत, वेगवेगळ्या बाकांवर. त्यांची गट्टी वगैरे काही झालेली नाही. मी बाहेर कान लावून असते, पण फुंकरीला आवाज नसतो. म्हणून दर थोड्या वेळानं उठून खिडकीतून डोकावते, आणि सगळा वर्ग माझ्याकडे बघून हसतो. मी शहाणपणा करते आहे की वेडेपणा, देव जाणे. बाबा म्हणतात, दोन्ही.

आज मधल्या सुट्टीआधी वर्गशिक्षिका बाहेर आली. वैतागलेलीच होती. म्हणाली, असं किती दिवस बसणार, आणि मुलं असं करतात तरी काय नक्की? ताई, दोन महिन्यांत हे कुणी पहिल्यांदा विचारलं. मला शब्दांत सांगता येईना. मी तिच्या हातातलं डस्टर घेतलं, तिच्याकडे बघत त्यावर फुंकर मारली, आणि जरा हसले. तिचा हात तसाच पुढे राहिला. चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.

मग ती सांगू लागली. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात गोटीनं तिला निबंध दाखवायला दिला, त्यावर दुकानातला काचेचा चुरा होता. बोटाला लागेल म्हणून तिनं फुंकर मारली आणि गमतीनं विचारलं, तुमच्याकडे काच खातात की काय? सगळा वर्ग हसला. तिला वाटलं, गोटीही हसली.

मला तिच्यावर भडकायचं होतं. इतके दिवस मी तेवढ्यासाठीच तर माणूस शोधत होते. पण ती तिथे डोळे पुसत उभी होती, वय जेमतेम माझ्याएवढं, आणि मला राग कुठे ठेवावा ते सुचेना. मी तिला डस्टर परत दिलं. ती आत गेली. ती वर्गाशी काहीतरी बोलते आहे, हळू आवाजात. शब्द इथवर पोचत नाहीत. कुणी हसत मात्र नाही. गोटीला हे ऐकून बरं वाटत असेल की जमिनीत जावंसं वाटत असेल? मला खिडकीपाशी जाण्याचं धाडस होत नाही.

गोटीनं इथे राहावं की परत कपाटाच्या फळ्यापाशी यावं, मला ठरवता येत नाही, आणि एकटीनं ठरवायचं नाही एवढं आता कळलं आहे. तू आणि भाऊजी रजा काढा. दोन दिवसांची मिळाली तरी या. मुकादमाला सांग, बाही नंतर कापता येईल.

घंटा झाली. पत्र इथेच थांबवते, कारण गोटी दारात आली आहे आणि तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळत नाही. लोभ असू दे, थोडा रागही असू दे.

तुझी,
धाकटी