हात सरळ होत नाही

दिनांक ९ फेब्रुवारी

प्रिय चिमणे,

आशीर्वाद. मेहुण्यांचा खोकला कसा आहे? वाफ घेतात ना? घ्यायलाच लाव. माझं शुद्धलेखन तुला ठाऊक आहे, सांभाळून घे.

तुझी भाची आता हाडांची डॉक्टर म्हणून दवाखान्यात एकटी बसते, बरं का. महिनाभर माझ्या उजव्या कोपराला बाहेरच्या अंगाने कळ येत होती. चहाचा कप उचलवेना, मग रंधा कुठला मारतोय. हाड मोडलंय असं धरून मी टॉवेल, कपडे पिशवीत भरूनच गेलो.

"पिशवी कशाला, बाबा? मुक्कामाला आलात?" म्हणाली. मग, "हात सरळ करा." झाला. वाकवला, तळवा वर-खाली फिरवला, तेही झालं. कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर तिने अंगठा दाबला तेव्हा मात्र मी ओरडलो. मूठ वळून मनगट वर उचलायला सांगितलं आणि वरून रेटा दिला, तर तीच कळ.

"हाड धड आहे. मनगट उचलणारे स्नायू इथे चिकटतात, ते दुखावलेत. थोडे दिवस रंधा बंद."

माझ्यामागे एक शिंपीणबाई होत्या. पायरीवरून हातावर पडलेल्या. सूज नावाला. "लचकलंय नुसतं, तेल चोळतेय," म्हणाल्या. त्यांनाही तेच सांगितलं, हात सरळ करा. होईना. "चोळायचं नाही. आधी फोटो." एक्स-रेत केसाएवढी चीर निघाली. तिथला जुना कंपाउंडर मला म्हणाला, "काका, पोरीला नजर आहे." सदऱ्याची बटणं तुटतील इतकी माझी छाती फुगली.

घरी आलो आणि जेवण गेलं नाही.

चिमणे, तू माळ्याच्या शिडीवरून पडलीस तेव्हा म्हणाली होतीस, "दादा, सरळ होत नाही." मी म्हणालो, "नाटकं करू नकोस, लचकलंय." आणि आठ दिवस चोळत, ओढत राहिलो. आई-बाबा नव्हते, घरात मोठा मीच. पुढे तुला बघायला पाहुणे आले, तेव्हा हात जन्मापासूनच वाकडा आहे असं मीच सांगितलं. तू खाली बघत बसलीस. चाळीस वर्षं मला खोटं पाडलं नाहीस.

काल तुझ्या भाचीने सहज विचारलं, "आत्याचा हात जन्मापासूनच ना?" मी नाही म्हणालो. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे मला नाही, आत्याला सांगा."

हात आता सरळ होईलच असं ती म्हणत नाही. तपासू दे म्हणते. येशील का? त्या वेळी घरात विचारणारं कुणी नव्हतं, आज आहे, आणि ती माझी पोर आहे. मेहुण्यांना खरं काय ते मी सांगेन, तू नको.

खाली दादा लिहिणार होतो. ते तू म्हणशील तेव्हा.

तुझा
थोरला भाऊ