खंडित नसलेला चेहरा

अण्णा, तुम्ही हे वाचणार नाही, म्हणूनच लिहायचा धीर होतोय. सिंगापुरात सार्सची साथ आली, त्या दिवसांत मला सगळ्यांत जास्त तुमची आठवण आली, आणि ती मायेने नव्हे, धाकाने आली. लहानपणी माझ्या हातून देव्हाऱ्यातली संगमरवरी अंबाबाई पडली, नाकाचा टवका उडाला, तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. मूर्ती फडक्यात गुंडाळलीत आणि नदीवर निघताना म्हणालात, "खंडित देवापुढे हात जोडू नयेत. त्याला आपली माणसं ओळखू येत नाहीत."

तुमचा जावई, ज्याला तुम्ही पाहिलंच नाहीत, ऑफिसातल्या आजारी मित्राला भेटायला गेला आणि ताप घेऊन आला. त्याला इस्पितळात वेगळं ठेवलं, मला बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये क्वारंटाइन. भेटायची सोय नव्हती. फोनवर तो बोलायचा कमी, खोकायचा जास्त. फोन ठेवला की मी साबणाने हात धुवायची, जणू खोकला तारेतून येतो.

शेजारच्या चिनी आजी रोज आमच्या गेटला पेजेचा डबा अडकवून जायच्या. एकदा डब्यासोबत येशूचं चित्र होतं, वाळवंटातल्या कुठल्याशा मठातल्या फार जुन्या चित्राची छापील प्रत. मी ते टेबलावर उभं केलं, हात जोडले आणि दचकले. चेहऱ्याच्या दोन बाजू जुळतच नव्हत्या. एक डोळा शांत. दुसरा मोठा, भुवई चढलेली, ओठही त्या बाजूला आवळलेला. मला वाटलं, प्रत बिघडलेली आहे. घरात खंडित देव, आणि तिकडे आपलं माणूस श्वासासाठी झगडतंय. मी चित्र पेपरात गुंडाळून दाराबाहेर ठेवलं.

सकाळी आजींनी ते उचललं, हातमोजेसुद्धा न घालता. "फेस ब्रोकन," मी गेटमागून म्हणाले. "नॉट ब्रोकन लाह. यू कव्हर वन साइड अँड सी." गेटपलीकडून त्यांनी तळहाताने अर्धा चेहरा झाकून दाखवला. उरला तो नुसता मायाळू, त्याच्यापुढे काहीही खपून गेलं असतं. मग दुसरा अर्धा झाकला. उरला तो नुसता न्याय करणारा, त्याच्याजवळ कोण जाईल? "सेम पर्सन," आजी म्हणाल्या. "ही सी एव्हरीथिंग. स्टिल ही कम."

माझी भीती वाढलीच. डोळा अधू असता तर परवडलं असतं. याला सगळं दिसत होतं, माझे हात कोणत्या स्वार्थाने जुळतात तेही. तरी मी चित्र आत घेतलं, आणि बोलत राहिले ते त्या शांत बाजूशीच.

तो वाचला. बेल वाजली, मी दार उघडलं. निम्मा झालेला तो, हात पुढे केलेला, आणि मी मागे सरले. एकच पाऊल, पण त्याने ते पाहिलं. क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "थांब, आधी अंघोळ करून येतो." माझ्या बाजूने अंग चोरून आत गेला.

इतक्या वर्षांत त्याने तो विषय काढलेला नाही. पहाटे खोकला आला की उठून हॉलमध्ये जातो, दार लोटून घेतो. मी जागी असते. हे खरं म्हणजे त्याला सांगायला हवं होतं, अण्णा. तुम्ही नाही आहात, म्हणून तुम्हांला सांगणं सोपं गेलं.